कच्चा कट प्रेक्षकांना दाखवून माहितीपट कसा सुधारावा? (विद्यार्थी प्रकल्प, विषय: रापण)

सुरंगी (धागाकर्ती)

बीएएमएमसीच्या (जनसंवाद पदवीच्या) तिसऱ्या वर्षाचा गट रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून माणसांनी जाळं ओढून करायच्या पारंपरिक मासेमारीवर, माहितीपट करतो आहे. चित्रण मालवण तालुक्याच्या किनाऱ्यावरचं. लांबी सध्या ११ मिनिटं ४० सेकंद. निवेदन प्रमाण मराठीत, मुलाखती मालवणीत. कच्चा कट (सफाईआधीची पहिली जोडणी) तयार आहे, संगीत तात्पुरतं लावलंय, उपशीर्षकं अजून नाहीत. हातात पाच आठवडे आहेत.

वर्गात एकदा दाखवून गुगल फॉर्म भरून घेतला. ‘माहितीपट आवडला का?’ याला जवळजवळ सगळ्यांचं ‘हो’. ‘सुधारणा सुचवा’ या रकान्यात बहुतेकांनी काही लिहिलं नाही. ज्यांनी लिहिलं त्यांनी ‘म्युझिक बदला’, ‘थोडा स्लो आहे’, ‘आवाज नीट येत नाही’ एवढंच. यावरून नेमकं काय कापायचं आणि काय ठेवायचं, हे मुलांना ठरवता येत नाही. अहवालात ‘प्रेक्षकांच्या प्रतिसादावरून केलेले बदल’ असं एक प्रकरण द्यायचं आहे. ते खरंखुरं व्हावं, नुसतं भरल्यासारखं नको. जाणकारांनी सांगावं.

---

खाडीपलीकडे

फॉर्म चुकला म्हणजे प्रश्न चुकला. ‘आवडला का?’ या प्रश्नाला मित्र ‘नाही’ म्हणणार नाही, आणि ‘हो’ म्हणाला तरी कात्री कुठे लावायची ते कळत नाही. ‘सुधारणा सुचवा’ म्हणजे तर प्रेक्षकाला संकलक व्हायला सांगणं. त्याला जे ठाऊक असतं तेच विचारा: काय कळलं, काय नाही, लक्ष कुठे उडालं, काय आठवतंय.

वर्ग हा प्रेक्षक म्हणून कामाचा नाही. त्यांनी चित्रणाच्या गप्पा ऐकलेल्या असतात, त्यामुळे पडद्यावर नसलेलं डोक्यात आपोआप भरलं जातं. तुमच्या विषयाला तीन वेगवेगळे गट हवेत. पहिला, रापण ओढणारे आणि त्यांच्या घरचे. दुसरा, जिल्ह्यातलेच पण समुद्राशी रोजचा संबंध नसलेले, म्हणजे वैभववाडी, कणकवलीकडचे. हा गट फार मोलाचा, कारण मालवणी कळते पण रापण कळत नाही. त्यामुळे भाषेची अडचण आणि मांडणीची अडचण वेगळी करता येते. तिसरा, मुंबई-पुण्याचे, ज्यांना दोन्ही नवीन. प्रत्येक गटात ८ ते १२ माणसं पुरे. तीन खेळांत तिसांच्या आसपास होतात. एकाच खेळाला ६० माणसं बसवलीत तर कागद वाढतात, माहिती तेवढी वाढत नाही. आणि एकदा पाहिलेल्या माणसाला सुधारलेला कट दाखवून ‘आता कळलं का?’ विचारू नका. त्याला आधीच कळलेलं असतं. दर कटाला कोरे प्रेक्षक लागतात, म्हणून सगळी ओळखीची माणसं पहिल्याच खेळाला वापरून टाकू नका.

प्रश्नपत्रिका अर्ध्या ए-फोर कागदावर मावेल एवढी, पाच प्रश्न:

हा माहितीपट कशाबद्दल आहे, एका वाक्यात.
कोणता माणूस किंवा कोणतं दृश्य आठवतंय?
कुठे गोंधळ झाला?
कुठे मन दुसरीकडे गेलं?
रापणीत मासळीचे वाटे कसे पडतात, पाहिलं त्यावरून सांगा.

पाचवा सगळ्यात महत्त्वाचा. तो मताचा नाही, कळलं की नाही याचा पुरावा आहे. तुमच्या माहितीपटाचा गाभा जो असेल त्यावर असा एक प्रश्न हवाच. सगळ्यांनी ‘छान’ लिहिलं आणि पाचव्याला दहांपैकी आठ जण चुकले, तर काम बाकी आहे.

खेळ संपल्यावर कोणी तोंड उघडायच्या आत सात मिनिटं लिहायला द्या. आधी चर्चा झाली की पहिला बोलणारा जे म्हणेल तेच सगळ्या कागदांवर उतरतं. आणि दोन माणसांवर प्रश्नपत्रिका आधी तपासून पाहा. ‘वाटे’ हा शब्द घाटावरच्या माणसाला प्रश्नातच अडतो की काय, ते तेव्हाच कळेल.

---

जांभा_दगड

वरच्या सगळ्याला अनुमोदन. भर घालतो ती खोलीतल्या व्यवस्थेची.

कट निर्यात करताना चित्रावर टाइमकोड (चालती वेळ दाखवणारे आकडे) जाळून घ्या, वरच्या कोपऱ्यात, वाचता येईल इतका मोठा. फाइल एच.२६४ प्रकारची आणि चित्र ७२०पी आकाराचं पुरतं. त्यामुळे ‘ती बाई बोलते तिथे’ ऐवजी ‘४:१२ ला’ अशी नोंद होते. प्रेक्षकांना मात्र आकड्यांकडे बघू नका म्हणून सांगा.

गटातला एक जण पडद्याच्या बाजूला, प्रेक्षकांकडे तोंड करून बसवा. हातात ३० सेकंदांच्या ओळी आखलेला कागद. कोण मोबाईल बघतो, कोण शेजाऱ्याला विचारतो, हसू कुठे येतं, खुर्च्या कुठे हलतात, एवढंच नोंदवायचं. अर्थ लावायचा नाही. ‘काय म्हणाला तो?’ असं शेजाऱ्याला विचारणं ही सगळ्यात मौल्यवान खूण. त्या क्षणी ध्वनी किंवा शब्द अडला आहे, हे प्रेक्षक कागदावर लिहायला विसरतो.

चर्चा दिग्दर्शकाने चालवू नये, गुण देणाऱ्या शिक्षकाने तर नाहीच. दिग्दर्शक समोर असला की प्रत्येक शंकेला तो खुलासा देतो, आणि खुलासा दिला की ती शंका मेली. पडद्यावरचा माहितीपट काही तुमच्याबरोबर गावोगाव खुलासे द्यायला जाणार नाही.

चर्चेला सांगाडा हवा असेल तर लिझ लर्मन या अमेरिकन नृत्यदिग्दर्शिकेने १९९० च्या सुमारास मांडलेली चार पायऱ्यांची पद्धत चांगली आहे. आधी प्रेक्षक सांगतात की त्यांना काय अर्थपूर्ण, लक्षवेधी वाटलं. मग करणारे प्रेक्षकांना प्रश्न विचारतात. मग प्रेक्षक करणाऱ्यांना प्रश्न विचारतात, पण त्यात मत दडलेलं नसावं. ‘एवढं लांब का ठेवलंत?’ यात मत आहे. ‘ओढण्याच्या दृश्याची लांबी ठरवताना काय मनात होतं?’ यात नाही. शेवटी परवानगी विचारून मत: ‘संगीताबद्दल माझं एक मत आहे, ऐकायचंय का?’ नको असेल तर नको म्हणता येतं. मुलांना दुसरी पायरी सगळ्यात जड जाते, कारण नेमके प्रश्न तयार करून यावे लागतात. आदल्या दिवशी तीन प्रश्न लिहून घ्या त्यांच्याकडून.

---

सुरंगी

खूप उपयोगी. एक अडचण: रापणकरांच्या वाडीत दाखवलं तर ‘बरा झाला’ यापुढे कोणी काही बोलेल असं वाटत नाही. पोरांना नाउमेद करायचं नाही म्हणून.

---

रातांबा

सुरंगीताई, तसंच होणार, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. घरी आलेल्या पोराच्या कामात खोट काढायची नाही ही रीत आहे. म्हणून प्रश्नाचा रोख बदला. ‘कसा वाटला?’ नको. ‘हा आता वैभववाडीत, मुंबईत दाखवायचा आहे. त्यांना काय कळणार नाही?’ असं विचारा. दोष दाखवण्याऐवजी परक्या माणसाला समजावण्याचं काम दिलंत की तीच माणसं भराभर बोलतात. दुसरा प्रश्न: ‘यात काय दाखवायचं राहिलं?’ याला तर अर्धा तास कमी पडेल. इथे कागद देऊ नका, तोंडी विचारा, परवानगी घेऊन ध्वनिमुद्रण करा. बायकांना वेगळं बसवून वेगळं विचारा, पुरुषांच्या बैठकीत त्या मागे राहतात. मासळी विकायचं अर्धं काम त्यांच्याकडे, आणि माहितीपटात नेमकं तेच निसटलेलं असतं.

वेळ वाडीला विचारून ठरवा. रापण टाकायची वेळ भरती-ओहोटीवर, तुमच्या कॉलेजच्या वेळापत्रकावर नाही. जत्रा, दशावताराची रात्र, शिमगा टाळा. गणपतीत मात्र चाकरमानी गावात असतात, तिसरा गट आयता मिळतो.

आता महत्त्वाचं. रापणकरांचा प्रतिसाद आणि बाकी प्रेक्षकांचा प्रतिसाद एकाच वहीत मोजू नका. चवीच्या बाबतीत किती जणांनी म्हटलं ते मोजायचं. वस्तुस्थितीच्या बाबतीत एका माणसाने सांगितलं तरी थांबायचं आणि तपासायचं. उदाहरण घ्या. ‘पावसाळ्यात मासेमारी पूर्ण बंद असते’ असं वाक्य निवेदनात सहज येतं. ते चूक आहे. १ जून ते ३१ जुलैची बंदी यांत्रिक नौकांना असते, बिगरयांत्रिक पारंपरिक होड्यांना नाही. मुंबईच्या ३० प्रेक्षकांपैकी एकालाही ते खटकणार नाही. वाडीतला एक जण मान हलवेल आणि गप्प बसेल. ती मान हलली की विचारायचं.

तसंच पर्ससीनचं. रापणीत होडी जाळं अर्धगोलात टाकत जाते आणि दोन्ही टोकं किनाऱ्यावरून माणसं ओढतात. पर्ससीन खोल पाण्यात थव्याभोवती फिरवतात आणि खालची दोरी कड्यांतून आवळून जाळ्याचं तळ बंद करतात. पारंपरिक मच्छीमारांचा पर्ससीनला विरोध का, हे तुमच्या माहितीपटात असेल, तर हा फरक १५ सेकंदांच्या साध्या रेखाटनाने दाखवा. नुसतं बोलून कळत नाही.

आणि ज्यांचे चेहरे आहेत त्यांना अंतिम निर्यातीच्या आधी दाखवणं हा प्रतिसादाचा नाही, त्यांच्या हक्काचा भाग आहे. कर्ज, भांडण, कोणा मालकाबद्दलचं बोलणं असं काही असेल तर ‘हे चालेल का?’ असं एकेकाला बाजूला घेऊन विचारा. चारचौघांत विचारलंत तर ‘चालेल’च म्हणतील.

---

कानोसा

‘आवाज नीट येत नाही’ या तक्रारीवर कोणी बोललं नाही, म्हणून लिहितो. प्रेक्षक हे चार वेगवेगळ्या दुखण्यांना म्हणतात: मुलाखत हळू आहे, संगीत वर चढलंय, लाटांनी शब्द खाल्लेत, किंवा हॉल घुमतोय. आधी निदान करा. तोच भाग मोबाईलच्या स्पीकरवर, साध्या इअरफोनवर आणि हॉलमध्ये, असा तीन ठिकाणी ऐका. फक्त हॉलमध्ये अडत असेल तर दोष खोलीचा. पत्र्याचं छप्पर आणि उघड्या भिंती असलेल्या सभागृहात स्पीकर भिंतीला न लावता प्रेक्षकांच्या जवळ, कानाच्या उंचीला ठेवा आणि आवाज थोडा कमी करा. वाढवला की घुमणं वाढतं.

तिन्हीकडे अडत असेल तर मिक्समध्ये (आवाजांच्या मिश्रणात) हात घाला. बोलण्याची शिखरं साधारण उणे १२ ते उणे ६ डेसिबलमध्ये ठेवा, संगीत बोलण्याखाली १८-२० डेसिबलने दाबा. बोलण्याच्या ट्रॅकवर ८० ते १०० हर्ट्झखालचं कापा, वाऱ्याचा गडगडाट बराच जातो. समुद्राची गाज मात्र अशी कापता येत नाही. ती सगळ्या पट्ट्यांत पसरलेली असते आणि स, श, त, क ही व्यंजनं ज्यावर ओळखू येतात तो वरचा भाग झाकते. तिथे २ ते ४ किलोहर्ट्झच्या आसपास २-३ डेसिबल उचलून पाहा. आवाज-सफाईचं प्लगइन जोरात लावलंत तर बोलणं पाण्याखालून आल्यासारखं होतं, आणि पुढच्या खेळाला तीच तक्रार नव्या शब्दांत येते. जे वाचत नाही ते पुन्हा मुद्रित करा: माइक छातीशी, त्यावर केसाळ विंडशील्ड, माणसाची पाठ वाऱ्याला. नुसता फोमचा बोंडा समुद्राच्या वाऱ्याला पुरत नाही. जाल तेव्हा त्याच जागी कोणी न बोलता ३० सेकंद गाज घेऊन या. तुकडे जोडताना ती खाली पसरली की सांधे ऐकू येत नाहीत.

कच्च्या कटाच्या खेळाआधी एवढं तरी करा. आवाज वाईट असला की प्रेक्षक गोष्टीबद्दल बोलतच नाहीत, सगळी चर्चा आवाजावर जाते आणि तो खेळ वाया जातो.

---

खाडीपलीकडे

कानोसा, शेवटचा मुद्दा अगदी बरोबर.

आता कागद आल्यावर काय करायचं ते. एक तक्ता करा, रकाने असे: वेळ, प्रेक्षकाचे जसेच्या तसे शब्द, कोणता गट, किती जण, संभाव्य कारण, काय करून पाहिलं, पुढच्या खेळात काय झालं. ‘जसेच्या तसे शब्द’ महत्त्वाचे. ‘वाटे कोणाक किती ता कळाक नाय’ याचं मुलं ‘अर्थकारण अस्पष्ट’ करून टाकतात, आणि नेमकी खूण हरवते.

प्रेक्षक दुखतं कुठे ते बरोबर सांगतो, औषध चुकीचं सांगतो. ‘म्युझिक बदला’ हे औषध आहे. दुखणं बहुधा हे की तीच धून दीड मिनिट वाजते आणि चित्रात नवीन काही घडत नाही. आणि तक्रारीची जागा आणि कारणाची जागा एकच असेल असंही नाही. समजा सातव्या मिनिटाला वाटपाचं दृश्य आहे आणि पाचव्या प्रश्नाला लोक चुकले. मुलं सातव्या मिनिटाला निवेदन वाढवतील. पण होडी-जाळ्याचा वाटा वेगळा आणि ओढणाऱ्यांचा वेगळा हे कळायला, कोण कोण आहे ते दुसऱ्याच मिनिटाला कळलेलं असावं लागतं. तिथे तांडेलाच्या (होडीच्या प्रमुखाच्या) नावाची पट्टी, जाळ्याच्या मालकाचं एक वाक्य आणि ओढणाऱ्यांचा ४ सेकंदांचा शॉट टाकला की सातवं मिनिट न बदलता उमजतं.

आकडे लिहिताना ‘४० टक्के प्रेक्षकांना’ असं लिहू नका. १० माणसांत टक्केवारीला अर्थ नाही. ‘१० पैकी ४’ लिहा.

---

भरतीओहोटी

थोडा वेगळा सूर लावतो. ‘स्लो आहे’ ही तक्रार आली की विद्यार्थी ओढण्याचं दृश्य कापणार, हे ठरलेलं. पण रापण ओढणं तासन्‌तास चालतं, आणि ते अंगावर येणं हाच कदाचित या माहितीपटाचा प्राण असेल. सगळं प्रेक्षकांना विचारून केलं तर सगळे माहितीपट एकाच वेगाचे होतील.

---

जांभा_दगड

मुद्दा मान्य, पण तो तपासता येतो. त्या दृश्याबद्दल थेट विचारा: ‘ते बघताना मनात काय आलं?’ उत्तर ‘दमले असतील बिचारे’ असं आलं तर दृश्य लांब असूनही लागू पडलंय, हात लावू नका. ‘कधी संपतंय’ असं आलं तर लांबी नुसती लांबी राहिली आहे. तरी लगेच कापू नका. आधी स्वस्त उपाय: चित्र तेवढंच ठेवून संगीत काढा आणि ओढणाऱ्यांचा हाकारा, दोर घासल्याचा आवाज वर आणा. मग वेळ गेल्याची खूण द्या: वाळूवरच्या सावल्या लांबल्या, पाणी मागे सरलं, सुरुवातीला दूर दिसणारे जाळ्याचे बोये (तरंगते गोळे) जवळ आले. तरीही तीच उत्तरं आली तर मग २० सेकंद काढा. एका वेळी एकच बदल. संगीत, लांबी आणि निवेदन एकदम बदललंत तर कशाने फरक पडला ते अहवालात लिहिता येणार नाही.

---

भरतीओहोटी

हे पटलं. ‘मनात काय आलं’ हा प्रश्न प्रश्नपत्रिकेत घ्यावाच.

---

वेलांटी

उपशीर्षकांबद्दल. मुलाखती मालवणीत आहेत तर प्रमाण मराठीत उपशीर्षकं द्या, पण मालवणी शब्द पुसू नका. तो ‘इसवण’ म्हणतो तर खाली ‘इसवण (सुरमई)’ पहिल्यांदा, नंतर नुसतं ‘इसवण’. सगळीकडे ‘सुरमई’ केलंत तर वाडीतल्या प्रेक्षकाला आपलं बोलणं दुरुस्त केल्यासारखं वाटतं, आणि ते योग्यच वाटतं.

दोन ओळींपेक्षा जास्त नको, पडद्यावर किमान दीड सेकंद, जास्तीत जास्त सहा-सात. सॉफ्टवेअर दाखवतं त्या अक्षरसंख्येवर देवनागरीत विसंबू नका. ते युनिकोडची चिन्हं मोजतं, म्हणजे ‘क्षि’ हे एक अक्षर चार धरतं. त्यापेक्षा गटाबाहेरच्या माणसाला मोठ्याने वाचायला लावा. ओळ संपायच्या आत पट्टी गेली तर मजकूर कमी करा.

प्रीमियर या संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘कि’ची वेलांटी ‘क’च्या उजवीकडे जात असेल, जोडाक्षरं फुटत असतील, तर प्रेफरन्सेसमध्ये ग्राफिक्स विभागात टेक्स्ट इंजिन ‘साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न’ करा. आधी लिहिलेल्या पट्ट्या एकेक उघडून तपासा.

---

सुरंगी

मुंबईच्या गटाला प्रत्यक्ष दाखवणं शक्य नाही. लिंक पाठवावी म्हणते. यूट्यूबचे आलेख वापरता येतील का?

---

खाडीपलीकडे

यूट्यूबवर अनलिस्टेड (लिंक असेल त्यालाच दिसेल असं) ठेवून पाठवा. व्हॉट्सॅपवर साधा व्हिडिओ म्हणून टाकू नका, तो दाबून छोटा करतो आणि उपशीर्षकं व ध्वनी दोन्ही बिघडतात. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून.

यूट्यूब स्टुडिओत प्रेक्षक किती टिकले याचा आलेख असतो, पहिल्या ३० सेकंदांनंतर किती उरले तेही दिसतं. पण १०-१५ जणांनी पाहिलं तर बहुधा पुरेशी माहिती नाही म्हणून आलेख दिसणारच नाही. दिसला तरी उंचवटा म्हणजे आवड असं समजू नका. लोक मागे जाऊन पुन्हा ऐकतात ते शब्द कळला नाही म्हणूनही असतं. त्यामुळे लिंकबरोबर तेच पाच प्रश्न पाठवा आणि उत्तर व्हॉइस मेसेजने मागा. मोबाईलवर देवनागरी टाइप करायच्या कंटाळ्याने लोक दोन शब्दांत आटपतात, बोलायला लावलं की दीड मिनिट बोलतात.

सुरुवात दोन प्रकारे जुळवून बघायची असेल तर इथेच करा: निम्म्यांना होडीच्या शॉटने सुरू होणारी, निम्म्यांना मासळीच्या लिलावाने सुरू होणारी. कोणाला कोणती ते चिठ्ठ्या टाकून ठरवा, ओळखीवर नको. दोघांना पहिला आणि पाचवा प्रश्न तोच.

पाच आठवडे असे वाटा: पहिल्यात ध्वनी सुधारून वैभववाडी-कणकवलीचा खेळ. दुसऱ्यात बदल. तिसऱ्यात वाडीत, म्हणजे वस्तुस्थितीच्या चुका चित्र कुलूपबंद व्हायच्या (संकलन अंतिम ठरायच्या) आत सापडतील. चौथ्यात बदल आणि मुंबईची लिंक. पाचवा उपशीर्षकं, अंतिम मिक्स आणि अहवालाला. प्रत्येक कटाची फाइल तारखेच्या नावाने जपून ठेवा. अहवालात आधीचा आणि नंतरचा ३० सेकंदांचा तुकडा शेजारी लावता येतो, आणि तक्त्यातली ओळ त्याखाली.

---

रातांबा

अहवालात न स्वीकारलेल्या सूचनाही लिहायला लावा, कारणासकट. ‘१२ पैकी ३ जणांनी निवेदन हिंदीत मागितलं, घेतलं नाही, कारण पहिला प्रेक्षक किनाऱ्यावरचा आहे’ अशा पद्धतीने. आणि वाडीत अंतिम प्रत परत दाखवायला जा. त्यांनी सांगितलेली दुरुस्ती कुठे केली, ते दाखवून.

---

सुरंगी

वैभववाडीचा खेळ येत्या रविवारी ठरवते आहे. टाइमकोड, ३० सेकंदांचा कागद आणि पाच प्रश्न तयार ठेवते. तक्ता भरला की याच धाग्यावर टाकेन, कारणांचा रकाना रिकामा ठेवून. तुम्ही तुमचा अंदाज लिहा, मुलं त्यांचा वेगळा लिहितील, मग ताडून बघू.